डायपर ओला असतो, तरी मूत्राशय भरलेलं असतं: स्पायना बिफिडाच्या मुलांसाठी घरी कॅथेटर करण्याची पद्धत

पाठीवरची गाठ ऑपरेशन करून बंद केली, टाके सुकले, डोक्यातलं पाणी पोटात उतरवणारा शंट बसवला, बाळ घरी आलं. नाशिकमध्ये ओपीडीच्या बाकावर भेटणाऱ्या आया इथपर्यंतचं सगळं तारीखवार सांगतात. मग मी विचारते, ‘लघवीचं कसं करता?’ उत्तर ठरलेलं असतं: ‘होते की, सारखी होते. दिवसाला दहा-दहा लंगोट भिजतात.’ माझ्या मुलीच्या बाबतीत मीसुद्धा पावणेतीन वर्षं हेच उत्तर देत होते. मग एका सोनोग्राफीत दोन्ही किडन्यांना सूज निघाली. तोपर्यंत तिला ना दुखलं होतं, ना ताप आला होता.

स्पायना बिफिडात गर्भाच्या पाठीचा कणा बंद होताना एका जागी उघडा राहतो आणि तिथल्या नसांना इजा होते. ऑपरेशनने कातडी बंद होते, आत इजा झालेल्या नसा पूर्ववत होत नाहीत. पायांना, शीच्या जागेला आणि मूत्राशयाला निरोप नेणाऱ्या नसा कण्याच्या खालच्या टोकातून निघतात. म्हणून गाठ कमरेला असली आणि मूल चालत असलं, तरी लघवीचा प्रश्न बहुतेकांना राहतोच.

गच्चीवरची टाकी आठवा. पाइपातून पाणी गळायला लागतं ते टाकी तुडुंब भरल्यावर. डायपर भिजवणारी लघवी पुष्कळदा तशीच असते, भरून वाहिलेली. खाली साठलेल्या लघवीचा दाब वर किडन्यांकडे जातो, शिळी लघवी आत राहून जंतू वाढतात. यावरचा उपाय साधा आहे. ठरलेल्या वेळी बारीक नळी, म्हणजे कॅथेटर, घालायची, मूत्राशय रिकामं करायचं, नळी काढून टाकायची. नळी आत ठेवायची नसते. डॉक्टर याला सीआयसी (क्लीन इंटरमिटंट कॅथेटरायझेशन) म्हणतात.

ही पद्धत नर्सकडून किंवा डॉक्टरकडून, त्यांच्यासमोर स्वतः करूनच शिकायची आहे. घरी आल्यावर आठवडाभरात जे विसरतं, ज्याचा क्रम उलटसुलट होतो, ते मी इथे लिहिते आहे.

## टप्पा १: घरी सुरू करण्याआधी हातात काय हवं

किडनी आणि मूत्राशयाची सोनोग्राफी, लघवीचं कल्चर (जंतूंची तपासणी), रक्तातलं क्रिएटिनिन (किडनी कशी चालते ते यावरून बघतात) आणि डॉक्टर सांगतील तेव्हा युरोडायनॅमिक तपासणी. युरोडायनॅमिक टाळू नका. मूत्राशयात किती मिलीपर्यंत दाब सुरक्षित राहतो हे तिथेच कळतं, सोनोग्राफीत ते दिसत नाही. तपासणीसाठी आणि पुढच्या उपचारासाठी लहान मुलांचे युरॉलॉजिस्ट किंवा पेडियाट्रिक सर्जन हवेत. नाशिकची कित्येक कुटुंबं त्यासाठी मुंबईला, परळच्या वाडिया बाल रुग्णालयात जातात. खर्चाची अडचण असेल तर एक गोष्ट लक्षात ठेवा: हा जन्मदोष राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात येतो. अंगणवाडीत किंवा शाळेत तपासणीला येणाऱ्या पथकाला सांगा, ते जिल्हा रुग्णालयात पाठवण्याची व्यवस्था करतात.

डॉक्टरांकडून चार उत्तरं कागदावर लिहून घ्या:

१. नळीचा नंबर किती?
२. दिवसातून किती वेळा, किती तासांनी?
३. एका वेळी जास्तीत जास्त किती मिली निघालेलं चालेल?
४. मूत्राशय सैल करणारं औषध द्यायचं का, किती आणि कधी?

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मिळेपर्यंत एक ढोबळ हिशोब वापरता येतो. मुलाच्या वयात १ मिळवा, त्याला ३० ने गुणा. ४ वर्षांच्या मुलाचं १५० मिली झालं. नसांची इजा असलेल्या मुलांचं मूत्राशय याहून लहान आणि कडक असू शकतं. म्हणून युरोडायनॅमिकचा आकडा आला की हा हिशोब सोडून द्यायचा.

सावध: ऑक्सिब्युटिनिनने गळती कमी होते, म्हणून काही घरांत कॅथेटर टाळून नुसतं औषध चालू ठेवतात. हे औषध मूत्राशय सैल करून जास्त लघवी साठवून ठेवतं. रिकामं करायची सोय नसेल तर ती साठलेलीच राहते. दोन्ही बरोबरच चालायला हवं. या औषधाने घामही कमी येतो. एप्रिल-मेमध्ये नाशिकचा पारा चाळिशीला टेकतो, तेव्हा मुलाला दुपारी उन्हात नेऊ नका. अंग तापलं, चेहरा लाल झाला तर सावलीत आणून ओल्या कपड्याने पुसा.

तपासा: नर्ससमोर सलग दोनदा, त्यांचा हात न लागता, तुम्ही स्वतः नळी घालून लघवी काढली आहे का? नसेल तर घरी निघू नका. आणि एकट्या आईने शिकून भागत नाही. बाबा, आजी, मावशी, कोणीतरी दुसरं शिकायलाच हवं. मला डेंग्यू झाला तेव्हा घरात दुसऱ्या कुणालाच येत नव्हतं. चार दिवस सलाइन लावलेल्या हाताने मी हे केलं आहे.

## टप्पा २: सामान

एका झाकणाच्या प्लॅस्टिकच्या डब्यात सगळं एकत्र ठेवा: नळ्या, पाण्यात विरघळणारी जेली, मापाच्या रेघा असलेला पेला, साबण, स्वच्छ सुती फडकी किंवा कापूस, एक छोटा आरसा, वही-पेन.

नळी पीव्हीसीची किंवा सिलिकॉनची घ्यायची. आपल्याकडे मेडिकलवाले नेलाटन कॅथेटर देतात. तान्ह्या बाळांना बहुतेकदा इन्फंट फीडिंग ट्यूबच वापरतात, ५ किंवा ६ नंबरची. शाळकरी मुलांना ८ ते १०, पुढे १२. नंबर डॉक्टर सांगतील तोच. ‘बारीक घातली तर दुखणार नाही’ म्हणून मनाने लहान नंबर घेऊ नका. त्यातून लघवी यायला इतका वेळ लागतो की मूल कंटाळून हलतं आणि मूत्राशय अर्धवट राहतं.

सावध: लाल रबरी नळी घरात आणूच नका. स्पायना बिफिडाच्या मुलांना लॅटेक्सची, म्हणजे नैसर्गिक रबराची अ‍ॅलर्जी इतर मुलांपेक्षा कितीतरी जास्त होते. ती कधीकधी जिवावर बेतते. रबरी हातमोजे, वाढदिवसाचे फुगे, पाण्याचे फुगे या सगळ्यांत लॅटेक्स असतं. रंगपंचमीला जुन्या नाशकात रहाडी, म्हणजे रंगाच्या पाण्याचे हौद, उघडतात, गल्लीत फुगे फुटत असतात. मुलाला रंग खेळू द्या, फुग्यांपासून लांब ठेवा. दात काढायला नेलं तरी डॉक्टरांना आधी सांगा: ‘लॅटेक्स चालत नाही.’ केळं, किवी किंवा अ‍ॅव्होकाडो खाल्ल्यावर ओठ सुजले, अंगावर गांधी उठल्या, तर तेही डॉक्टरांच्या कानावर घाला. या फळांचं आणि लॅटेक्सचं नातं आहे.

जेलीऐवजी खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन वापरणारी घरं मी पाहिली आहेत. तेलकट पदार्थ पाण्यात विरघळत नाहीत, नळीची भोकं त्यांनी बुजतात आणि आत थर राहतो. जेली महाग वाटली तर कमी लावा, पण जेलीच लावा.

## टप्पा ३: वेळापत्रक

बहुतेक मुलांना दिवसा ३ ते ४ तासांनी, म्हणजे दिवसातून ४ ते ६ वेळा सांगतात. आमचं असं बसलं: सकाळी उठल्याबरोबर साडेसहा, शाळेत दहा, घरी आल्यावर दीड, संध्याकाळी पाच, झोपताना नऊ. तुमची शाळा दुपारची असेल तर वेळा सरकवा. मधलं अंतर मात्र वाढवू नका.

सकाळची पहिली वेळ सर्वात जास्त हुकते. रात्रभराची लघवी साठलेली असते, आणि आपण म्हणतो, ‘आधी दूध पिऊ दे, मग बघू.’ उठल्याबरोबर पहिलं काम हेच.

पाणी दिवसभर विभागून द्या. डायपर कोरडा राहावा म्हणून पाणी कमी करणं ही मोठी चूक आहे. त्याने लघवी घट्ट होते, जंतू वाढतात आणि शी खड्यासारखी होते. कमी करायचं ते झोपण्याआधीचे दोन तास. रात्री नळी लावून ठेवायची की नाही, ते डॉक्टरांनीच ठरवायचं.

सावध: मुलाला भरल्याचं कळत नाही. ‘लागली की करू’ हे आपल्या घरात चालणार नाही. मोबाइलचा गजर लावा आणि गजर झाला की हातातलं काम टाका.

## टप्पा ४: नळी घालणं

खोली निर्जंतुक लागत नाही. ग्लोव्ह्ज, मास्क, उकळलेलं पाणी, यांत अडकून कित्येक जणी दिवसातून दोनदाच करतात, कारण इतका पसारा पाच वेळा मांडणं कुणालाच जमत नाही. साबणाने धुतलेले हात आणि स्वच्छ धुतलेली नळी पुरते. मूत्राशय वेळेवर रिकामं झालं तर थोडेफार जंतू बाहेर वाहून जातात. निर्जंतुक नळीने दोनदा करण्यापेक्षा स्वच्छ नळीने पाचदा केलेलं कितीतरी बरं.

क्रम असा:

१. सामान आधी मांडा. हात धुतल्यावर कपाट उघडायला जायचं नाही. नळीचं मागचं टोक पेल्यात किंवा डायपरवर पडेल अशी जागा ठरवा.
२. मुलाचे कपडे काढा. डायपरमध्ये शी असेल तर ती आधी पूर्ण स्वच्छ करा.
३. आता हात धुवा. साबण लावून अर्धा मिनिट, नखांच्या कडांपर्यंत. शी पुसण्याआधी धुतलेल्या हातांना अर्थ नाही. क्रम चुकतो तो नेमका इथे.
४. लघवीची जागा साध्या पाण्याने भिजवलेल्या फडक्याने पुसा. डेटॉल, सॅव्हलॉन लावू नका, आतली त्वचा त्याने भाजते.
५. नळीच्या टोकाला दोन-तीन सेंटिमीटरपर्यंत जेली लावा. नळी टोकापासून जरा मागे धरा. जे टोक आत जाणार त्याला बोट लागू देऊ नका.

मुलीसाठी: उताणं झोपवून गुडघे बाजूला पाडा. एका हाताच्या दोन बोटांनी लघवीच्या जागेचे ओठ बाजूला करा आणि काम संपेपर्यंत ती बोटं सोडू नका. पुसताना नेहमी वरून खाली, शीच्या जागेकडे. एका फडक्याची घडी एकदाच. वरच्या छोट्या उंचवट्याच्या खाली लघवीचं बारीक छिद्र, त्याच्या खाली योनीचं मोठं छिद्र. पहिले काही दिवस दिवसाच्या उजेडात किंवा टॉर्च लावून बघा. लहान मुलीचा मूत्रमार्ग जेमतेम दोन-तीन सेंटिमीटरचा असतो. नळी हलकेच सरकवा, लघवी आली की आणखी एक सेंटिमीटर आत घालून थांबा.

नळी बरीच आत गेली आणि थेंबही आला नाही, तर ती बहुधा योनीत गेली आहे. घाबरू नका, इजा होत नाही. ती तिथेच खूण म्हणून राहू द्या, दुसरी स्वच्छ नळी घ्या आणि वरच्या छिद्रात घाला. योनीतून काढलेली नळी तशीच वर घालायची नाही.

मुलासाठी: शिश्न पोटापासून वर, सरळ धरा. मूत्रमार्गाचं वळण त्याने सरळ होतं. पुढची कातडी सहज मागे जाते तेवढीच घ्या, ओढू नका, आणि झाल्यावर पुन्हा पुढे आणायला विसरू नका. मागे राहिलेली कातडी सुजून अडकते आणि मग धावपळ होते. मुलाचा मूत्रमार्ग लांब असतो. मूत्राशयाच्या तोंडाशी नळी किंचित अडते. तिथे जोर लावायचा नाही. हलका, सलग दाब देत थांबा, मुलाला मोठा श्वास घ्यायला किंवा खोकायला सांगा, ती आपोआप सरकते. लघवी आल्यावर आणखी दोन सेंटिमीटर आत घाला.

सावध: दोन-तीन प्रयत्नांत गेली नाही तर थांबा. अर्ध्या तासाने पुन्हा करा. तरीही जात नसेल, किंवा नळीतून ताजं लाल रक्त वाहू लागलं, तर रुग्णालयात जा. टोकाला लागलेला रक्ताचा एखादा डाग मात्र सुरुवातीला दिसतो, जेली कमी पडल्याची ती खूण.

पोट दाबून लघवी काढायची पद्धत अजून कित्येक घरांत आहे. कुणी आजीने शिकवलेलं असतं, कुणाला तर दवाखान्यातच सांगितलेलं असतं. मलाही असंच सांगितलं होतं आणि मी दोन वर्षं दाबत होते. मूत्राशयाचं तोंड घट्ट असताना वरून दाबलं की लघवी किडन्यांकडे उलटी चढते. दाबू नका.

## टप्पा ५: काढणं, मोजणं, लिहिणं

धार थांबली म्हणून लगेच नळी ओढू नका. इथे घाई झाली की तळाशी लघवी राहते, आणि संसर्ग तिथूनच सुरू होतो.

१. धार थांबली की नळी अर्धा सेंटिमीटर मागे घ्या आणि थांबा.
२. पुन्हा आली तर येऊ द्या. थांबली की पुन्हा किंचित मागे.
३. पूर्ण थांबल्यावर नळीचं बाहेरचं टोक बोटाने दाबून धरा आणि सावकाश काढा. आतली लघवी पुन्हा मूत्राशयात उतरत नाही आणि गादीवरही सांडत नाही.
४. पेल्यातले मिली बघा, रंग आणि वास बघा, वहीत लिहा.

वहीत चारच रकाने: वेळ, मिली, मधल्या वेळेत डायपर कोरडा की ओला, शी झाली का. तपासणीला जाताना ही वही न्या. ‘बरं चाललंय’ या वाक्यावर डॉक्टरांना औषध ठरवता येत नाही, आकड्यांवर येतं.

तपासा: सलग दोन-तीन दिवस कमाल आकड्यापेक्षा जास्त निघतंय? वेळा जवळ आणा आणि डॉक्टरांना कळवा. खूप कमी निघतंय आणि डायपर मात्र ओला? मूत्राशय कडक झालेलं असू शकतं, किंवा पोटात शी साठलेली असेल.

## टप्पा ६: नळी धुणं

पाकिटावर ‘एकदाच वापरा’ लिहिलेलं असतं. महिन्याला दीडशे नळ्या घेणं सगळ्यांना परवडत नाही, म्हणून आपल्याकडे बरेच डॉक्टर धुवून पुन्हा वापरायला सांगतात. किती वेळा, ते त्यांना स्पष्ट विचारा. वापरल्याबरोबर नळी वाहत्या पाण्याखाली धरा, साबणाचं पाणी सिरिंजने आतून सोडा, मग साध्या पाण्याने आतून-बाहेरून धुवा, झटका आणि स्वच्छ फडक्यावर पूर्ण वाळू द्या. वाळल्यावरच डब्यात.

पावसाळ्यात इथेच घोळ होतो. जुलै-ऑगस्टमध्ये नळीच्या आतलं पाणी वाळतच नाही आणि ओलसर नळ्या डब्यात जातात. तेवढे दोन महिने जास्त नळ्या फिरत्या ठेवा. सिरिंजने दोन-तीनदा कोरडी हवा सोडली की आतले थेंब निघतात. जंतुनाशकात बुडवून ठेवलेली नळी वापरू नका. नळी कडक झाली, पिवळट पडली, टोकाला चीर दिसली की टाकून द्या.

## टप्पा ७: लघवीआधी शी

गळती वाढली, संसर्ग वारंवार होऊ लागला की सगळे लघवीच्या औषधाकडे बघतात. आधी पोट बघा. आतड्यात साठलेली शी मूत्राशयावर दाब देते. रोज थोडी थोडी पातळ शी लागत असली तरी आत खडे असू शकतात. खड्यांच्या कडेने पातळ शी वाहते आणि आपल्याला वाटतं, जुलाब आहेत. जुलाब थांबवायचं औषध दिलं की गाठी आणखी घट्ट.

१. आधी साठलेलं साफ करा, डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे, औषधाने किंवा एनिमाने. हे न करता पुढचं काहीही लागू पडत नाही.
२. मग रोज एकच वेळ ठरवा, नाश्त्यानंतर किंवा रात्रीच्या जेवणानंतर वीस-तीस मिनिटांनी. जेवल्यावर आतडं आपोआप हलतं, त्याचा फायदा घ्यायचा.
३. कमोडवर बसवा. पाय लटकत नकोत, खाली पाट द्या. फुगवायला साबणाचे बुडबुडे द्या, पोटाला जोर मिळतो. रबरी फुगा नको.
४. दहा-पंधरा मिनिटं. झाली नाही तरी रागवायचं नाही, उद्या त्याच वेळी पुन्हा.

भाकरी, पालेभाजी, पेरू, पपई, भिजवलेलं अंजीर, आणि पुरेसं पाणी. चोथा वाढवून पाणी वाढवलं नाही तर उलटा परिणाम होतो. इतक्याने जमलं नाही तर आतडं पाण्याने धुण्याच्या पद्धती आहेत. त्या शिकवणाऱ्या डॉक्टरांकडे जायला लाजू नका. शाळेत शी झाली आणि मुलं हसली, तर लघवीची इतकी वर्षांची शिस्त मूल एका दिवसात झिडकारतं. मी ते अनुभवलं आहे.

## टप्पा ८: संसर्ग कधी म्हणायचा

कॅथेटर करणाऱ्या मुलाच्या लघवीच्या रिपोर्टमध्ये जंतू बहुधा दिसतातच. ताप नाही, दुखत नाही, मूल हसतं-खेळतं आहे, तर निव्वळ रिपोर्टवरून अँटिबायोटिक लागत नाही. ते पुन्हा पुन्हा दिलं की पुढे खऱ्या आजारात औषधच लागू पडत नाही. लघवी गढूळ झाली, वास आला तर दोन दिवस पाणी वाढवा, एक वेळ जास्त काढा, नळ्या नव्या घ्या.

ताप, थंडी वाजणं, उलट्या, कमरेत दुखणं किंवा अचानक वाढलेली गळती असेल तर त्याच दिवशी डॉक्टर. कल्चरसाठी लघवी नव्या नळीने, थेट निर्जंतुक बाटलीत घ्यायची. डायपरमधून पिळलेली किंवा चिकटपिशवीत जमलेली लघवी कल्चरला चालत नाही. नमुना तासाभरात लॅबमध्ये पोचवा, नाहीतर फ्रीजमध्ये ठेवा. आणि नमुना आधी, अँटिबायोटिकचा पहिला डोस नंतर.

सावध: शंट असलेल्या मुलाला उलट्या, डोकेदुखी, सुस्ती, चिडचिड, नजर खाली ओढल्यासारखी दिसणं, तान्ह्या बाळाची टाळू फुगणं, यांपैकी काही झालं तर अ‍ॅसिडिटी म्हणून सिरप देऊ नका आणि नजर काढत बसू नका. शंट बंद पडलेला असू शकतो. न्यूरोसर्जन असलेल्या रुग्णालयात लगेच, रात्री दोन वाजलेले असले तरी.

सगळं नीट चाललं तरी सोनोग्राफी आणि रक्तदाब ठरलेल्या मुदतीत बघत राहा, लहानपणी साधारण सहा महिन्यांनी. ज्यांचे पाय बारीक असतात त्यांचं क्रिएटिनिन, किडनी बिघडत असतानाही, चांगलं दिसू शकतं. स्नायू कमी असले की ते मुळातच कमी बनतं. उंची वाढण्याच्या वयात चाल बदलली, पाय वाकडा होऊ लागला, पाठ दुखली, मधल्या वेळेत नव्याने गळू लागलं, तर मज्जारज्जू ओढला जातो आहे का, हे तपासायला सांगा.

## कातडी, थोडक्यात

जिथे लघवी कळत नाही तिथे चटकाही कळत नाही. बाळंतिणीच्या खोलीत बाळाला शेक-शेगडी देताना पायाच्या बोटांना फोड आल्याची उदाहरणं मी स्वतः ऐकली आहेत. शेगडी नको, गरम पाण्याची पिशवी नको. बादलीत आधी गार पाणी, मग गरम, मग कोपराने बघा. मे महिन्यात रामकुंडाच्या पायऱ्यांवर किंवा गच्चीवर अनवाणी रांगू देऊ नका. स्कूटरवरून उतरवताना सायलेन्सरकडे लक्ष ठेवा. रोज रात्री तळवे, टाचा, ढुंगण बघा. लाल डाग अर्ध्या तासात गेला नाही, तर तो जाईपर्यंत त्या जागेवर भार नको. कॅलिपर (पायाला आधाराची पट्टी) किंवा बूटही नको.

## पुढच्या बाळाचा विचार असेल तर

गरोदर राहिल्याचं कळल्यावर फोलिक अ‍ॅसिड सुरू करणं उशिराचं आहे. गर्भाचा कणा पहिल्या २८ दिवसांत बंद होतो, तेव्हा पाळी चुकल्याचंही धड लक्षात आलेलं नसतं. आधी असं बाळ झालेल्या स्त्रीला रोज ४ मिलिग्रॅम लागतं, नेहमीच्या ४०० मायक्रोग्रॅमच्या दहापट, आणि आपल्याकडे बहुधा ५ मिलिग्रॅमची गोळी देतात. दिवस राहण्याच्या किमान एक महिना आधीपासून पहिले तीन महिने पूर्ण होईपर्यंत, डॉक्टरांना विचारून.

## शाळा आणि प्रवास

मुख्याध्यापकांना पत्र द्या: कोणत्या वेळी, कोणत्या बाथरूममध्ये, कोण करणार. दिव्यांग हक्क कायदा २०१६ प्रमाणे शाळेने सोय करून द्यायची असते, आणि दिव्यांगत्वाचं कार्ड असलं की बोलणं सोपं जातं. पण पहिल्या भेटीत कायदा पुढे करू नका, डबा उघडून सामान दाखवा. बाईंना वाटतं काहीतरी मोठं वैद्यकीय काम आहे. सात मिनिटांचं काम आहे हे कळलं की चेहरा बदलतो. घरी आल्यावर पाण्याची बाटली बघा. भरलेली परत आली तर मूल शाळेत बाथरूमला जायचं टाळतं आहे.

मुंबईला तपासणीला जाताना पंचवटी एक्स्प्रेस साडेतीन तासांच्या आसपास घेते. नाशिक रोडला गाडी येण्याआधी एकदा, उतरल्यावर एकदा. गाडीने जात असाल तर कसाऱ्याच्या घाटात किती वेळ जाईल याचा भरवसा नसतो, म्हणून इगतपुरीला उरकून घ्या. दोन नळ्या, जेली, पाण्याची बाटली, साबण आणि एक शाल पर्समध्ये कायम.

## टप्पा ९: मुलाच्या हाती

हे एकदम एका दिवशी शिकवायचं नसतं. पाचव्या वर्षी गजर बंद करून ‘आई, वेळ झाली’ म्हणणं त्याचं काम. सहाव्या वर्षी हात धुणं, सामान मांडणं. सातव्या-आठव्या वर्षी नळी काढणं, मग घालणं. मुलीला आधी आरसा लागतो, सवय झाली की बोटाने जागा सापडते. डोक्यात पाणी झालेल्या मुलांना बोलणं छान येतं, पण एकामागून एक पायऱ्या लक्षात ठेवणं जड जातं. तो हट्ट किंवा आळस नसतो. बाथरूमच्या भिंतीवर सहा चित्रांचा कागद लावा, तोंडी सूचना कमी करा. चुकलं की तीच पायरी पुन्हा दाखवा, नळी मुलाच्या हातातून काढून घेऊ नका.

माझी मुलगी आता अकरा वर्षांची आहे. ती दार आतून लावून घेते. मी बाहेर उभी राहते आणि फक्त आकडा विचारते. आतून ‘दोनशे चाळीस’ असं ऐकू येतं, आणि मी वहीत लिहिते. जूनपासून वहीही तिच्याकडे जाणार आहे.